विश्लेषण : एकनाथांची ज्ञानेश्वरी-शुद्धी आणि आजची ‘एक्सएमएल’ फाइल… बिघडलेली प्रत दुरुस्त कशी करायची?

आज घरोघरी पारायणाला जी ज्ञानेश्वरी उघडली जाते, ती ज्ञानेश्वरांच्या काळातून जशीच्या तशी आपल्यापर्यंत आलेली नाही. शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढची जवळपास तीनशे वर्षे तो हातांनी उतरवला गेला आणि नकलेगणिक त्यात चुका शिरत गेल्या. १५८४ मध्ये पैठणच्या संत एकनाथांनी त्या शोधून काढल्या. बिघडलेला मजकूर मूळ रूपात आणण्याचे हेच काम आज संगणकावर ‘एक्सएमएल’ फायली हाताळणाऱ्यांना करावे लागते. नाथांच्या चरित्रातील या कामाचा आणि त्यावरील आक्षेपांचा हा वेध.

एकनाथांची जडणघडण कशी झाली?

एकनाथांचे जन्मवर्ष साधारणपणे १५३३ धरले जाते. जन्मगाव गोदावरीकाठचे पैठण. पणजोबा संत भानुदास. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती भानुदासांनी पंढरपूरला परत आणली, असे वारकरी परंपरा सांगते. त्यामुळे सोलापूर जिल्ह्याशी या घराण्याचे नाते नाथांच्या जन्माआधीपासूनचे आहे. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी यांचे छत्र लहानपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढवले.

पुढे एकनाथ देवगिरीला म्हणजे दौलताबादला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी दत्तभक्त होते आणि निजामशाहीत किल्ल्याचा कारभारही पाहत. त्यामुळे शिष्याच्या वाट्याला पोथी आणि हिशेबाची वही दोन्ही आल्या. संस्कृत ग्रंथांचे अध्ययन, गुरुसेवा आणि कारभारातील नोंदी अशा तिन्ही गोष्टींत हा तरुण तयार झाला.

एका पैच्या चुकीची कथा काय सांगते?

या काळातील एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. स्वामींनी हिशेब तपासायला दिला आणि एका पैचा मेळ लागेना. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की गुरूंची झोपमोड झाली. पैच्या शोधात एवढी एकाग्रता होत असेल, तर तीच परमार्थाकडे वळव, असा उपदेश स्वामींनी केला, असे कथा सांगते.

आख्यायिकेचा आध्यात्मिक अर्थ सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील व्यावहारिक तपशील मात्र दुर्लक्षित राहतो. फरक बेरजेत दिसतो, पण चूक बेरजेत नसते. ती आधीच्या कुठल्या तरी नोंदीत असते. बेरीज खोडून पै वाढवली तर वही जुळते, पण हिशेब खोटा होतो. म्हणून शेवटापासून मागे जात एकेक नोंद तपासावी लागते. बिघडलेल्या फायलीचेही असेच असते.

‘एक्सएमएल’ म्हणजे काय?

माहिती साठवण्याची आणि एका सॉफ्टवेअरकडून दुसऱ्याकडे पाठवण्याची ही एक पद्धत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने फेब्रुवारी १९९८ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध केले. यात प्रत्येक माहितीभोवती नावाची खूण म्हणजे टॅग असतो. सोलापुरातील एखाद्या दुकानाचा पत्ता असा लिहिता येईल :

<पत्ता><पेठ>शुक्रवार</पेठ><शहर>सोलापूर</शहर></पत्ता>

टॅगची नावे देवनागरीत असलेली नियमाला चालतात. उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला पाहिजे आणि आत उघडलेला आधी बंद झाला पाहिजे, ही मुख्य अट. सॉफ्टवेअरच्या स्मरणातील माहिती अशा ओळींत उतरवणे म्हणजे ‘सीरियलायझेशन’ आणि त्या ओळी वाचून माहिती पुन्हा उभी करणे म्हणजे ‘पार्सिंग’. वर्डची आजची फाइल आतून अशाच एक्सएमएल फायलींचा झिप केलेला गठ्ठा असते. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही एक्सएमएलमधून नोंदी आत घेता येतात.

ज्ञानेश्वरांनी नेवाशात सांगितलेले सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, हे एका अर्थाने सीरियलायझेशन. पोथी समोर ठेवून अर्थ लावणारा वाचक पार्सिंग करत असतो. उतरवलेले आणि वाचलेले तंतोतंत जुळले तरच मधली प्रत विश्वासार्ह.

ज्ञानेश्वरीच्या प्रतींत चुका कशा शिरल्या?

पहिले कारण नकलाकाराचा डोळा आणि कान. सारख्या शब्दांच्या दोन ओळींत नजर घसरली की मधला भाग गळतो. दुसरे, जुन्या पोथ्यांत शब्द सुटे लिहिण्याची रीत नव्हती. सलग अक्षरांतून शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे. तिसरे, तीनशे वर्षांत भाषा बदलली. जुना शब्द कळेना तेव्हा कोणी ओळखीचा शब्द घातला. चौथे, भक्तीच्या भरात कोणी स्वतःची ओवीही जोडली.

ओवीच्या रचनेमुळे काही चुका पकडता येतात, काही येत नाहीत. ग्रंथातील ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असते. चरणाचा शेवटचा शब्द बदलला तर यमक मोडते आणि चूक उघडी पडते. पण ओवीला अक्षरांची काटेकोर मोजणी नसल्याने चरणाच्या मधला शब्द बदलला तर कानाला काहीच खटकत नाही. ओवी रचनेला बरोबर, अर्थाला चुकीची, अशी स्थिती होते.

फाइल नेमकी कुठे बिघडते?

फायलीतील चुकाही अशाच दोन जातींच्या असतात. पहिली जात रचना मोडणारी. दुकानाच्या नावात ‘आणि’ऐवजी & हे चिन्ह असले की पार्सर अडतो, कारण एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे. ते ठरावीक संकेताच्या रूपात लिहावे लागते. फायलीच्या पहिल्या घोषणेआधी एखादी रिकामी जागा राहिली तरी चूक धरली जाते.

मराठीसाठी मोठी अडचण अक्षरांच्या साठवणुकीची. ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘शुक्रवार’ या शब्दात उकार, हलन्त आणि काना धरून ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. एखाद्या जुन्या प्रणालीने त्या रकान्याला २० बाइटची मर्यादा घातली असेल तर सातव्या चिन्हाचे दोनच बाइट उरतात आणि पार्सर पूर्ण फाइल नाकारतो.

दुसरी जात अधिक धोक्याची. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. पार्सर तक्रार करत नाही, मात्र पुढच्या संगणकावर वाचायला निरर्थक अक्षरे मिळतात. & चे एकदा संकेतात रूपांतर झालेले असताना ते दुसऱ्यांदा केले, तर प्रत्येक फेरीत नवा कचरा वाढतो. नकलेची नक्कल करताना पोथीचे झाले तेच.

चूक शोधताना पार्सरने दिलेला ओळ क्रमांक हा बेरजेतील फरकासारखा समजावा. वरच्या उदाहरणात पेठेचा टॅग बंद करायचा राहिला, तर तक्रार येते पत्त्याचा टॅग बंद होताना. दुरुस्ती मात्र पेठेपाशी करायची असते.

मग नाथांनी काय केले?

ज्ञानेश्वरीपर्यंत येण्याआधी नाथ सिद्धहस्त ग्रंथकार झाले होते. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील त्यांची टीका, म्हणजे एकनाथी भागवत, पैठणला सुरू होऊन १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झाली. संस्कृतातील ज्ञान प्राकृतात आणण्याला तेथील पंडितांनी विरोध केला आणि नंतर त्याच ग्रंथाचा गौरव झाला, अशी परंपरा आहे. मूळ ग्रंथाशी इमान राखत दुसऱ्या भाषेत बोलण्याचा सराव त्यांना होता.

ज्ञानेश्वरीकडे वळण्याची कथाही परंपरेने जपली आहे. आळंदीच्या समाधीतील अजानवृक्षाची मुळी कंठाला लागल्याचे ज्ञानेश्वरांनी स्वप्नात सांगितले आणि नाथांनी आळंदीला जाऊन ती दूर केली, अशी ती कथा. त्यानंतर ग्रंथशुद्धीचे काम झाले. शके १५०६, तारण संवत्सर, भाद्रपदातील कपिलाषष्ठी, गोदावरीचा काठ, असा काळ-स्थळाचा तपशील नाथांनी ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या ओव्यांत दिला आहे.

या मोजक्या ओव्यांत तीन गोष्टी आहेत. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांमुळे तो बिघडला, हे निदान. दुरुस्ती कोणी आणि केव्हा केली, ही नोंद. आणि यापुढे यात कोणी स्वतःची मराठी ओवी घालू नये, तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे, हा इशारा. स्वतः उत्तम कवी असूनही आपले शब्द त्यांनी मूळ ग्रंथ संपल्यावर, आपल्या नावासह ठेवले. ज्ञानेश्वरांचे काय आणि नाथांचे काय, हे त्यामुळे कळते.

अंदाजाने दुरुस्ती का करू नये?

वेब पान उघडताना टॅग चुकलेला असला तरी ब्राउझर अंदाजाने पान दाखवतो. एक्सएमएलच्या नियमकर्त्यांनी मुद्दाम वेगळी वाट धरली. रचनेची चूक सापडली की पार्सरने ती कळवावी आणि नेहमीसारखे पुढे वाचू नये, असा नियम केला. अनेकांना तो जाचक वाटतो. पण हिशेबात किंवा औषधाच्या नोंदीत चुकीचा अंदाज हा न उघडणाऱ्या फायलीपेक्षा महाग पडतो.

‘लिबएक्सएमएल२’सारख्या प्रचलित लायब्ररीत बिघडलेली फाइल कशीबशी वाचून घेण्याची सोय आहे. ती वापरली की तक्रार थांबते, मात्र काही मजकूर गुपचूप गळालेला असू शकतो. आत काय उरले आहे हे पाहण्यापुरती ती वापरावी. तिच्यातून निघालेली फाइल मूळ म्हणून जपून ठेवू नये. नवी फाइल लिहिताना शब्दांना शब्द जोडून टॅग तयार करण्याऐवजी लायब्ररीचाच सीरियलायझर वापरावा. विशेष चिन्हांचे रूपांतर तो एकदाच आणि बरोबर करतो. लिहिलेली फाइल लगेच वाचून मूळ माहितीशी ताडून पाहावी.

नाथांच्या शुद्धीवर आक्षेप काय?

नाथांनी दुरुस्तीची तारीख नोंदवली, पण कोणत्या प्रती समोर होत्या आणि कोणता शब्द बदलून कोणता घेतला, याची यादी ग्रंथात नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती. त्याचा परिणाम मात्र अभ्यासकांना आजही भोगावा लागतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एका जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन केले. तिच्यातील भाषारूपे रूढ प्रतीपेक्षा जुन्या वळणाची होती. त्यातून वाद उभा राहिला : चुका काढताना नाथांनी भाषाही आपल्या काळाची केली का, की ते बदल नंतरच्या नकलाकारांचे? राजवाडे प्रतीच्या प्राचीनतेबद्दलही मतभेद झाले. आजच्या मुद्रित आवृत्त्यांतही ओव्यांची संख्या सारखी नाही.

या वादाने नाथांचे श्रेय कमी होत नाही. त्यांनी हात घातला नसता तर बिघाड वाढतच गेला असता. पण मूळ प्रत आणि बदलांची यादी हाती नसली की उत्तम दुरुस्तीही पुढच्यांना तपासता येत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते. फाइल दुरुस्त करणाऱ्याने म्हणूनच बिघडलेली मूळ फाइल वेगळी ठेवावी, बदल नक्कलेत करावेत आणि कोणत्या ओळीत काय बदलले ते लिहून ठेवावे.

पुढे काय झाले?

नाथ पैठणलाच संसारी राहिले. पत्नी गिरिजाबाई, मुलगा हरिपंडित. कवी मुक्तेश्वर हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव. भारुडे, अभंग, रुक्मिणीस्वयंवर असे लेखन त्यांनी केले. भावार्थ रामायण युद्धकांडापर्यंत आले आणि अपुरे राहिले. उरलेला भाग शिष्य गावबा यांनी पूर्ण केला. देहावसानाचे वर्ष १५९९ मानले जाते. तिथी फाल्गुन वद्य षष्ठी. नाथषष्ठीला पैठणला आजही यात्रा भरते.

ज्ञानेश्वरीच्या मूळ लेखनाचे फक्त वर्ष ग्रंथात आहे, तिथी नाही. त्यामुळे ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते ती भाद्रपद वद्य षष्ठीला, म्हणजे नाथांनी दुरुस्ती पूर्ण करून नोंदवलेल्या तिथीला.