चिक् चॉकलेट : हळदोण्याचे ट्रंपेटवादक

ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमविणाऱ्या रसिकांच्या कपाटांत कधीं कधीं एक विलक्षण जोडी दिसते. एका खणांत अमेरिकेंतील जॅझ संगीत, तर शेजारच्या खणांत सतराव्या शतकांतील युरोपचें बरोक संगीत. वरवर पाहतां या दोहोंत कांहींच साम्य नाहीं. एक राजवाड्यांत व चर्चमध्यें वाढलें, दुसरें न्यू ऑर्लिन्स शहरांतील कृष्णवर्णीयांच्या वस्तींत. परंतु जाणत्यास त्यांचें नातें ठाऊक असतें. इटलीचे माँटेव्हर्डी (१५६७ ते १६४३) यांच्या काळांत रचनाकार चाल व तिच्या खालचे खर्जाचे स्वर लिहून ठेवी. मधली भर ऑर्गन वाजविणाऱ्यानें जागच्या जागीं घालावयाची असे. जॅझमध्येंही आराखडा तेवढा ठरलेला असतो. उरलेलें वादकानें आपल्या बुद्धीनें रचावयाचें असतें. आपल्याकडील गवई बंदिशीची चौकट सांभाळून आलाप व ताना घेतो, त्यांतलाच हा प्रकार. नियम पक्का, आणि त्याच्या आंत मोकळीक.

चर्चच्या शाळेंतील तें नियमबद्ध शिक्षण आणि जॅझची ही मोकळीक ज्यांच्या आयुष्यांत एकत्र आलीं, अशा एका कलावंताचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. त्यांचें नांव आंतोनियो झेवियर वाझ. परंतु मुंबईनें त्यांस ओळखलें तें चिक् चॉकलेट या नांवानें.

वाझ यांचा जन्म १९१६ सालीं गोमंतकांतील बार्देश तालुक्यांत हळदोणें या गांवीं झाला. त्या काळीं गोमंतकांत गांवोगांवच्या चर्चला जोडून शाळा असे, व तींत धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकवीत. गुरुजी मुलांकडून प्रथम स्वरलिपि वाचून घेत, मग तिच्यावरून गाणें म्हणवून घेत, आणि त्यानंतर हातांत व्हायोलिन देत. ही परंपरा पोर्तुगीज अमलांत रुजली, व युरोपांत बरोक संगीत भरास आलें तोही तोच काळ. आमची वसईसुद्धां १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. किल्ल्यांतील आजच्या पडक्या चर्चमधून त्या काळीं असेच सूर घुमले असतील. तेव्हां हळदोण्याची ही हकीकत वसईकरांस परकी वाटूं नये.

वाझ यांच्या आईची इच्छा अशी होती कीं, मुलानें यंत्रकाम शिकावें व मानानें चार पैसे मिळवावे. ही इच्छा अनाठायीं नव्हती. वादकाची मिळकत बेभरंवशाची. आज काम आहे तर उद्यां नाहीं. परंतु मुलाचें चित्त वाद्यांत गुंतलेलें होतें, व लहान वयांतच ते वादकांच्या ताफ्यांत वाजवूं लागले.

याच सुमारास संगीताच्या विद्यार्थ्यांस एक नवा गुरु लाभला होता. तो म्हणजे ग्रामोफोन. हिंदुस्थानांत व्यापारी कंपनीचें पहिलें ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास झालें, व १९०८ सालीं त्याच शहरांत तबकड्यांचा कारखाना निघाला. लाखेच्या मिश्रणाची ती काळी तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई व एका बाजूस सुमारें तीन मिनिटें वाजे. परंतु तेवढ्या वेळांत सातासमुद्रापलीकडचा वादक जणूं आपल्या ओसरीवर येऊन उभा राही. लुई आर्मस्ट्राँग या थोर ट्रंपेटवादकानें १९२५ पासून शिकागो येथें आपल्या लहानशा ताफ्यासह ज्या तबकड्या भरल्या, त्यांनीं जॅझची दिशाच बदलली. सर्वांनीं मिळून वाजविण्याच्या जागीं एकट्या वादकाच्या स्वतंत्र कल्पनेस प्राधान्य आलें. या संगीताचें मर्म कागदावर उतरत नाहीं. स्वर किंचित् मागें रेंगाळतो, किंचित् वांकतो. तें कानानेंच टिपावें लागतें. म्हणून दूरदेशींच्या वादकांस तबकडी हीच पोथी झाली.

१९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला, आणि मुंबईकरांस हें संगीत समक्ष ऐकावयास मिळालें. हॉटेलांच्या बँडमध्यें गोमंतकीय वादकांस मोठी मागणी असे, कारण स्वरलिपि त्यांस लहानपणापासून अवगत होती. चिक् यांनीं ‘म्यूझिक मेकर्स’ नांवाचा आपला ताफा उभारला. १९४५ च्या सुमारास त्यांस ग्रीन्स हॉटेलांत काम मिळालें; पुढें ताजमध्यें अकरा वादकांचा ताफा त्यांच्या नेतृत्वाखालीं वाजूं लागला. आर्मस्ट्राँग हें त्यांचें दैवत. त्यांच्या वादनाची ढब व घोगऱ्या आवाजांतील गाणें चिक् यांनीं इतकें बारकाईनें उचललें कीं, लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले.

येथें कोणी विचारील कीं, अनुकरणांत मोठेपण तें काय? आम्हांस वाटतें, शिष्य प्रथम गुरूचा सूर गळ्यांत उतरवितो. त्यावांचून पुढची वाट सांपडत नाहीं. मात्र तेथेंच जो थांबला तो संपला. चिक् थांबले नाहींत.

१९४९ च्या कायद्यानें मुंबई राज्यांत दारूबंदी आली व हॉटेलांतील नाचगाण्यास उतरती कळा लागली. पुष्कळ वादकांप्रमाणें चिक् हेही सिनेसंगीताकडे वळले. पुणतांबें येथें जन्मलेले संगीतकार रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचे ते साहाय्यक झाले. संगीतकार चाल बांधी. तिच्यामागें ट्रंपेट, क्लॅरिनेट, व्हायोलिन यांनीं काय वाजवावें हें लिहून प्रत्येकापुढें कागद ठेवण्याचें काम जाणकार साहाय्यक करीत. हळदोण्याच्या शाळेंत गिरविलेली लिपि येथें कामास आली, आणि आर्मस्ट्राँग यांच्यापासून उचललेली लयही. भगवानदादांच्या ‘अलबेला’ या १९५१ सालच्या चित्रपटांत चिक् आपल्या ताफ्यासह पडद्यावरही झळकले. त्याच वर्षीं ‘नादान’ या चित्रपटास त्यांनीं स्वतंत्रपणें संगीत दिलें. अशा रीतीनें जॅझची लय मराठी माणसाच्या चालींत मिसळून घरोघरीं पोंचली.

परंतु तबकडीवर नांव छापलें जाई तें गायकाचें व संगीतकाराचें. साथीच्या वादकांचीं नांवें क्वचितच येत. हजारों लोक त्या गाण्यांवर डोलले, पण तो ट्रंपेट कोणाचा हें त्यांस ठाऊक नव्हतें. पुढें जुन्या तबकड्या जमविणाऱ्या रसिकांनीं व इतिहास लिहिणारांनीं शोध केला, म्हणून आज आपणांस हीं नांवें घेतां येतात. तबकड्यांचा संग्रह म्हणजे निव्वळ हौस नव्हे, तर विस्मृतींत गेलेल्यांचें ऋण फेडण्याचा तो एक मार्ग आहे.

१९६६ सालच्या ‘आखरी खत’ या चित्रपटांत क्लबांतील एका गाण्यांत चिक् यांचें ट्रंपेटवादन शेवटीं शेवटीं पाहावयास मिळतें. पुढच्याच वर्षीं, १९६७ सालीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांतून घेण्याजोगा बोध हा कीं, स्वातंत्र्य शिस्तीवांचून लाभत नाहीं. ज्यानें स्वरलिपि कंटाळा न करितां घोटली, त्यासच पुढें लिपीबाहेरचें वाजवितां आलें. पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलाच्या पोटाची काळजी करणें हें आपलें कर्तव्यच होय; परंतु त्याचा कान कोणत्या सुराकडे लागला आहे, हेंही एकदां थांबून ऐकावें.