कलातपस्वी आबालाल रहिमान आणि उघड्यावरील चित्रशिक्षण

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही शाळेत जाऊन मुलांस एक देखावा काढावयास सांगावे. बहुतेकांच्या कागदावर तेच चित्र उमटेल : दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठी एक झोपडी आणि तिच्या शेजारी नारळाचे झाड. ज्या मुलाने हे चित्र काढले, त्याच्या शाळेच्या खिडकीतून बालाघाटाची रांग दिसत असते. त्या रांगेचे डोंगर माथ्यावर सपाट आहेत, जणू कोणी वरचा भाग सुरीने कापून नेला आहे. त्याच्या वाटेवर बाभूळ आहे, लिंब आहे, चिंच आहे. नारळ मात्र त्याने बहुधा देवळात फोडलेलाच पाहिला आहे. तरीही हात त्रिकोणच काढतो. यात मुलाचा दोष नाही. त्याला फळ्यावरचे चित्र पाहून चित्र काढावयास शिकविले. डोंगर पाहून डोंगर काढावयास कोणी शिकविले नाही.

या विचारानेच यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही कोल्हापूरचे चित्रकार कै. आबालाल रहिमान यांचे चरित्र निवडले. ते आमच्या ज्ञातीचे नव्हेत, जिल्ह्याचेही नव्हेत. ज्ञातीच्या कर्त्या पुरुषांची चरित्रे या पानांत येतात व ती यावीतच. परंतु ज्ञातीतील जी मुले आज चित्रकलेच्या परीक्षांस बसत आहेत, त्यांस ज्या पुरुषापासून सर्वांत अधिक लाभ होईल, त्याचे घराणे विचारीत बसणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आबालालांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. त्यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती. सुंदर अक्षर, पानाभोवती वेलबुट्टीची चौकट आणि शाईचा न तुटणारा ओघ हे त्या कामाचे प्राण होत. हा वारसा लहान नव्हे. बोरूने लिहिणाऱ्यास एक रेघ चुकली तर पान टाकून द्यावे लागते. म्हणून रेघ ओढण्यापूर्वी ती मनात पुरती पाहण्याची सवय त्यास लागते. पुढे जलरंगाचा एक फटकारा मारून पुन्हा त्यावर हात न फिरविण्याची जी धिटाई आबालालांच्या चित्रांत दिसते, तिचे मूळ आम्हांस या घरच्या लेखनकामातच आढळते.

त्यांची रेखाटने कोल्हापूरच्या इंग्रज रेसिडेंटच्या पत्नीच्या पाहण्यात आली व तिच्या शिफारशीने त्यांच्या मुंबईच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली, अशी हकिकत सांगितली जाते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ते १८८० ते १८८८ या काळात शिकले. त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. शाळेतील शिस्त इंग्रजी पद्धतीची व करडी होती. आधी भौमितिक आकृती, मग ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला, मग जिवंत माणसाचे रेखाटन. आबालालांनी ही पायरीही चुकविली नाही. १८८८ साली त्यांस व्हाइसरॉयचे पदक मिळाले आणि त्यांची विद्यार्थिदशेतील रेखाटने शाळेने संग्रही जपून ठेविली.

हे पदक घेऊन मुंबईत राहिले असते तर त्यांस काय मिळाले असते, याचा अंदाज करणे कठीण नाही. तो काळ राजा रविवर्मा यांच्या वैभवाचा होता. संस्थानिक, शेटजी, न्यायमूर्ती, सर्वांस आपली तैलचित्रे हवी होती. आबालाल कोल्हापुरास परतले. १८९४ साली शाहू छत्रपती गादीवर आले व गुणग्राहक महाराजांनी त्यांस दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारची कामे त्यांनी केली. पण त्यांचे मन रमले ते कोटितीर्थाच्या काठी.

कोटितीर्थ हे कोल्हापुरातील एक तळे. हिमालय नव्हे, समुद्र नव्हे, काश्मीरचे सरोवरही नव्हे. त्याच्या परिसरात आबालालांनी आपला मुक्काम ठेविला आणि तेच पाणी, तीच झाडे, तोच काठ ते वर्षानुवर्षे रंगवीत राहिले. तेथून निघाले तर रंकाळ्यावर जावे, पाण्यात उभा असलेला संध्यामठ पाहावा. नाहीतर पंचगंगेचा घाट गाठावा. त्यांचे जग जवळजवळ एवढेच होते.

नवशिक्याच्या दृष्टीने या चरित्रातील मर्म येथे आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. एकच तळे शेकडो वेळा काढण्यात कंटाळवाणे काही नाही, कारण तळे एक असले तरी उजेड एक नसतो. सकाळी ज्या झाडाची सावली पाण्यावर पडते, तीच दुपारी बुंध्याशी गोळा होते आणि सायंकाळी दुसऱ्या बाजूस लांबते. आषाढातील पाणी आणि माघातील पाणी यांचा रंग निराळा. घरात बसून आठवणीने चित्र काढणारा मनुष्य पाण्यास निळा, झाडास हिरवा व मातीस तांबडा रंग देतो, कारण वस्तूंची ही नावे त्याच्या डोक्यात पक्की झालेली असतात. उघड्यावर बसणाऱ्यास मात्र दिसते की, ढगाळ दिवशी पाणी शिशासारखे करडे असते, कडुलिंबाच्या सावलीत जांभळी छटा असते आणि लांबचे हिरवे शेत हिरवे नसतेच. डोक्यातील नाव पुसून डोळ्यांपुढचा रंग पाहणे हीच निसर्गचित्राची पहिली इयत्ता होय आणि ती छपराखाली भरत नाही.

याच सुमारास फ्रान्समध्ये मोने हा चित्रकार गवताच्या गंज्या व एका चर्चची दर्शनी बाजू निरनिराळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगवीत होता. त्याच्या पिढीस बाहेर पडणे सोपे झाले ते धातूच्या नळीत भरलेल्या रंगामुळे. अशी नळी १८४१ साली निघाली, त्यापूर्वी तैलरंग जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यावे लागत. आबालालांची काही चित्रे पाहता, लहान लहान ठिपक्यांनी व तुटक फटकाऱ्यांनी उजेड उभा करण्याची त्यांची रीत त्या फ्रेंच मंडळींच्या रीतीशी जुळते. म्हणून त्यांस कोणाचे अनुयायी ठरविण्याची घाई करू नये. उन्हात बसून प्रामाणिकपणे पाहणाऱ्या दोन माणसांस दोन देशांत एकच गोष्ट दिसणे यात नवल ते काय ?

आबालालांनी शाळा काढली नाही. पण त्यांच्या जगण्यात एक अभ्यासक्रम दडलेला आहे आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी तो वर्गास लावण्यासारखा आहे. पहिली गोष्ट म्हणजे जागा एकच निवडावी व ती घराजवळची असावी. सहलीस नेलेली मुले पहिल्या दिवशी केवळ हरखून जातात; तिसऱ्या-चौथ्या खेपेस त्यांस दिसू लागते. दुसरे असे की, सर्व देखावा कागदावर आणण्याचा मोह आवरावा. पुठ्ठ्यास चौकोनी खिडकी कापून तीतून पाहिले म्हणजे काय घ्यावे व काय सोडावे हे दहा वर्षांच्या मुलासही कळते. मग डोळे अर्धवट मिटावेत. पाने, फांद्या, कौले नाहीशी होतात आणि उजेडाचा व काळोखाचा असे दोन-तीन मोठे आकार तेवढे उरतात. चित्र त्या आकारांचे असते, पानांचे नव्हे. क्षितिजरेषा नेहमी पाहणाराच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. मूल बसले की ती खाली येते, उभे राहिले की वर जाते. यथादर्शनाचा हा नियम फळ्यावर तासभर समजावून जे साधत नाही ते मैदानात दोनदा उठबस करविल्याने साधते.

सावल्या आधी आखून घ्याव्यात, कारण त्या पळतात. दोन तासांनंतर त्याच जागी बसलो तरी देखावा दुसराच झालेला असतो. तेव्हा काम थांबवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत यावे. जलरंगात पांढरा रंग लावावयाचा नसतो, कागद कोरा सोडावयाचा असतो. म्हणून उजेड कोठे आहे हे कुंचला भिजविण्यापूर्वीच ठरले पाहिजे. आमच्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. येथील हवा कोरडी. कोल्हापूरच्या दमट हवेत आकाशाचा ओला हात सावकाश वाळतो. येथे चैत्रात तो पाहता पाहता वाळून कडा धरतो. मुलांस वाटते की आपला हातच वाईट. वस्तुतः कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर लावावा, सूर्योदयाबरोबर काम सुरू करावे आणि ऊन तापले की आवरते घ्यावे. भर दुपारी आमच्याकडील देखाव्याचे सगळे चढउतार ऊन खाऊन टाकते. त्या वेळी मुलांस बाहेर बसविणे हा त्यांच्यावर व चित्रावर सारखाच अन्याय होय.

साहित्याच्या खर्चाची सबब पुढे करणारांनी आबालालांकडे पाहावे. झाडपाला व दगड यांपासून ते स्वतः रंग तयार करीत, असे सांगतात. महागड्या विलायती कागदावाचून त्यांचे काम कधी अडले नाही.

१९२२ च्या मे महिन्यात शाहू महाराज मुंबईत निवर्तले. आबालालांचा आधार तुटला. त्या दुःखाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, अशी कथा कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्यांच्या चित्रांची एकूण संख्या वीस हजार होती असेही लोक म्हणतात; इतक्या मोठ्या आकड्यावर विसंबण्याचे कारण नाही, परंतु आज जी थोडी चित्रे हाती राहिली आहेत ती पाहता फार मोठा ठेवा नाहीसा झाला एवढे खरे. या कृत्यास वैराग्य म्हणून गौरविणारे आहेत. आम्हांस ते गौरविण्याचे धारिष्ट होत नाही. ज्या समाजाने अशा माणसाची चित्रे वेळीच विकत घेऊन भिंतीवर लावली नाहीत, त्याने नंतर त्याच्या वैराग्याची स्तुती करावी हे बरे दिसत नाही. १९३१ च्या डिसेंबरात आबालाल निवर्तले.

त्यांच्यामागे कोल्हापुरात निसर्गचित्राची परंपरा चालली. बाबूराव पेंटर यांस सारा महाराष्ट्र चित्रपटकार म्हणून ओळखतो, पण ते कसलेले चित्रकार होते. दत्तोबा दळवी, माधवराव बागल ही मंडळीही त्याच मातीतली. नट म्हणून गाजलेले चंद्रकांत मांडरे यांनीही निसर्गचित्रे हौसेने व निष्ठेने काढली. रंकाळ्याच्या काठी फळी मांडीवर घेऊन बसणे ही त्या गावात चेष्टेची गोष्ट राहिली नाही. आमच्याकडे मात्र रस्त्याच्या कडेला चित्र काढीत बसलेल्या मुलास आजही येणारा-जाणारा विचारतो की, याचे पुढे काय होणार. भ्रमणध्वनीवर क्षणात छायाचित्र निघत असता दोन तास उन्हात कशास बसावे, हाही प्रश्न त्यास जोडून येतो. छायाचित्र पाहून केलेल्या चित्रात सावल्या काळ्याकुट्ट का येतात, हे एकदा सावलीत बसून पाहिलेल्या मुलास विचारावे.

आमच्या जिल्ह्यास देखाव्यांचे दारिद्र्य नाही. मेडोज टेलर हा अधिकारी १८५७ पूर्वी नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत असता तुळजापुरास राहिला. कादंबरीकार म्हणून तो प्रसिद्ध आहे व त्याच्या ‘तारा’ कादंबरीत तुळजापूर येते. पण तो हौशी चित्रकारही होता आणि दख्खनच्या त्याच्या रेखाचित्रांचे पुस्तक १८३७ सालीच लंडनमध्ये निघाले होते. सात समुद्रांपलीकडून आलेल्या माणसास या प्रदेशात चित्रविषय दिसले, येथेच जन्मलेल्या मुलांस ते दिसू नयेत याचे आम्हांस वाईट वाटते. परंड्याच्या किल्ल्याचे बुरूज आहेत, तेरच्या बाजूस तेरणेचा काठ आहे, येडशीच्या रामलिंगाची झाडी आहे, शहराजवळच धाराशिवच्या लेण्यांचा डोंगर आहे. ओल्या काळ्या रानावर सकाळचे ऊन पडते तेव्हा ते किती निळे दिसते, हे एकदा रंगवून पाहिल्यावाचून कोणास पटणार नाही.

चित्रकलेच्या शिक्षकांस आमची सूचना एवढीच की, प्रारंभ नळदुर्गापासून करू नये. बोरी नदीवरील १६१३ सालचा तो बंधारा, त्याच्या पोटातील पाणीमहाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर व मादी हे धबधबे पाहून नवशिक्याचा हात गारठतो. तो विषय दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावा. पहिल्या वर्षी भाद्रपद उतरता उतरता, पाऊस थांबला व हवा धुऊन निघाली म्हणजे, मुलांस आपापल्या गावच्या तळ्यावर किंवा विहिरीच्या मळ्यात न्यावे. प्रत्येकाजवळ एक फळी, चार रंग, दोन कुंचले आणि पाण्याचा तांब्या असला की पुरे. समोर बालाघाटाची सपाट माथ्याची रांग असेल. तिच्यावर सूर्य कोठून येतो हे मुलांनी आधी सांगावे, मग कागदास हात लावावा.