फिशटँकमधल्या ‘पँचॅक्स’ला नाव देणारा डॉक्टर, ज्याची चित्रंच सरकारने ठेवून घेतली!

फिशटँकचा नाद असलेल्यांना पँचॅक्स माहीत असेलच. पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारा, डोक्यावर चमकता ठिपका असलेला छोटा किलिफिश. नाव परदेशी वाटतं ना? पण ते चक्क बंगालीतून आलंय! ते शास्त्राच्या पुस्तकात नेलं एका स्कॉटिश डॉक्टरने. त्यांचं नाव फ्रान्सिस बुकॅनन.

1762 साली जन्मलेले बुकॅनन एडिंबरोला डॉक्टरकी शिकले आणि 1794 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या वैद्यकीय सेवेत आले. पण कंपनीने त्यांना एका जागी बसूच दिलं नाही. 1795 मध्ये ब्रह्मदेश, टिपूच्या पाडावानंतर 1800 मध्ये म्हैसूर, मग नेपाळ. 1807 पासून सात वर्षं बंगाल-बिहारची पाहणी. शेती, जाती, देवळं, झाडं, सगळं लिहून काढायचं काम!

या धावपळीत त्यांनी आपला छंदही जपला, तो म्हणजे मासे. लोक माशाला जे नाव सांगायचे, तेच ते बऱ्याचदा लॅटिन वळणाने नोंदवायचे. आणि हलूदार नावाचा बंगाली चित्रकार त्यांच्यासाठी माशांची चित्रं काढायचा. हे नाव फारसं कुणी घेत नाही, पण घ्यायला हवं.

1815 मध्ये बुकॅनन मायदेशी निघाले, तेव्हा गव्हर्नर जनरल मॉयरा यांनी ही चित्रं न्यायला मनाई केली. इतक्या वर्षांची मेहनत कलकत्त्यातच राहिली! त्यांनी वर्णनं लिहिलेल्या माशांचे मूळ नमुनेही आज उपलब्ध नाहीत. म्हणजे पुढच्या अभ्यासकांना आधार फक्त शब्दांचा आणि चित्रांचा.

तरीही 1822 मध्ये गंगेच्या माशांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यात 269 जातींची वर्णनं होती, चित्रं मात्र 97 माशांचीच. पँचॅक्स त्यातलाच, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत असलेला झेब्राफिशसुद्धा! आईच्या घराण्याची मालमत्ता मिळाल्यावर त्यांनी हॅमिल्टन आडनाव लावलं, म्हणून माशांच्या पुस्तकांत ते ‘हॅमिल्टन’ आणि इतिहासात ‘बुकॅनन’. 1829 मध्ये ते वारले. घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड विलायतेत त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी आलं.

पँचॅक्स पाळायला तसा सोपा. डासांच्या अळ्या आवडीने खातो, पण उड्या मारतो, म्हणून टाकीला झाकण हवंच. पिल्लं हवी असतील तर एका नरासोबत दोन माद्या ठेवा आणि तरंगत्या वनस्पती किंवा ॲक्रेलिक लोकरीचा झुपका पाण्यात सोडा. मादी रोज थोडी थोडी अंडी त्यात चिकटवते. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. अंडी मात्र लगेच वेगळ्या भांड्यात काढा, नाहीतर आई-बापच ती फस्त करतात!