वर्गातला दंगा थांबवायला सरांनी १३ नियम लिहिले, त्यातला एक नेटबॉलने अजून सोडलेला नाही

समजा, देवळीच्या शाळेच्या मैदानावर नेटबॉल सुरू आहे आणि बास्केटबॉल खेळणारा एखादा गडी त्यात उतरला. पहिल्याच मिनिटात शिट्टी वाजणार. कारण तो बॉलचे टप्पे मारत पळणार आणि नेटबॉलमध्ये ते चालत नाही.

हा नियम ज्या माणसाचा, तो आहे बास्केटबॉलचा जनक, जेम्स नाइस्मिथ.

१८६१ साली कॅनडातल्या आल्मोंटजवळ त्याचा जन्म झाला. नऊ वर्षांचा असताना आईबाप दोघंही टायफॉईडने गेले आणि मामाने त्याला वाढवलं. तेव्हा पोरं एक खेळ खेळायची. मोठ्या दगडावर छोटा दगड ठेवायचा आणि लांबून नेम धरून तो पाडायचा. आपल्या लगोरीचा भाऊच म्हणा. जोरात मारण्यापेक्षा वरून हलकेच टाकलेला दगड बरोबर बसतो, हे त्याच्या डोक्यात राहिलं.

पुढे तो अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला वायएमसीएच्या शाळेत शिकवायला लागला. १८९१ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे असा वर्ग आला, ज्याच्यापुढे आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी १४ दिवस दिले. बंद हॉलमध्ये खेळता येईल असा नवा खेळ शोधायचा. फुटबॉल, रग्बी आत आणून बघितलं, पण हातपाय मोडायची पाळी आली.

शेवटी त्याने साधा विचार केला. बॉल घेऊन पळूच दिलं नाही, तर समोरच्याला धरून पाडायची गरजच काय?

झालं. १३ नियम लिहून भिंतीवर लावले, पीचच्या टोपल्या १० फुटांवर ठोकल्या आणि १८ पोरांचे ९-९ चे संघ पाडले. त्यात टप्पे मारत पळणं नव्हतंच. दुसरा फाऊल केला की पुढचा गोल होईपर्यंत बाहेर.

बास्केटबॉलने नंतर ड्रिबलिंग स्वीकारलं. पण हाच खेळ इंग्लंडमधल्या मुलींच्या कॉलेजांत गेला, १९०१ मध्ये तिथे त्याचे वेगळे नियम छापले गेले आणि त्यातून नेटबॉल तयार झाला. म्हणून नेटबॉलमध्ये आजही टेकलेला पाय उचलला, तर तो परत जमिनीला लागायच्या आत बॉल सोडावा लागतो. त्यातही ३ सेकंदांच्या आत. बॉलवालीपासून ३ फूट लांब राहायचं. धक्का दिला तर पेनल्टी पास, आणि तो सुटेपर्यंत धक्का देणारीने बाजूला गप्प उभं राहायचं. (भांडण इथेच सुरू होतं, हे खेळलेल्यांना माहिती आहे.)

१९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल आला, तेव्हा वर्गणी काढून नाइस्मिथला तिकडे पाठवलं. फायनल उघड्या मैदानावर होती आणि धो धो पाऊस. चिखलात बॉलचा टप्पाच पडेना, म्हणून पोरं नुसते पास देत खेळली. अमेरिकेने कॅनडाला १९-८ ने हरवलं. त्यानंतर तीन वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९३९ ला नाइस्मिथ गेला.