काका बॅप्टिस्टा : श्रद्धा आणि पक्षनिष्ठा

एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावात प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने राष्ट्रीय पक्षाची मंडळी जमली आणि २८ तारखेला होमरूल लीग स्थापन झाली. संघटना लोकमान्य टिळकांची होती. परंतु टिळकांनी स्वतःकडे कोणतेही पद घेतले नाही. चिटणीस म्हणून नरसिंह चिंतामण केळकर यांची निवड झाली, यात कोणालाही नवल वाटण्याजोगे नव्हते. अध्यक्षपदी मात्र बसले ते माझगावचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, म्हणजे जन्माने व श्रद्धेने रोमन कॅथॉलिक असलेले गृहस्थ. टिळकांचा पक्ष हा पुण्याच्या सनातनी ब्राह्मणांचा पक्ष होय, आणि ख्रिस्ती समाज हा सरकारचा हक्काचा पाठीराखा होय, अशा दोन समजुती त्या काळी दृढ होत्या. या एका निवडीने दोन्हींना धक्का दिला.

या निवडीचे मोल कळण्यासाठी पुण्याचा त्याआधीचा पंचवीस वर्षांचा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून शहरात मोठे ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे व टिळक हे दोघेही त्यात सापडले आणि मिशनच्या घरातील एका पेल्याचा प्रश्न प्रायश्चित्तापर्यंत गेला. पुढे १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या कारणावरून केसरीने त्या संस्थेवर कडाडून टीका केली. ज्या शहरात ख्रिस्ती हा शब्द संशयाचा झाला होता, त्याच शहरातील पुढाऱ्याने आपल्या संघटनेचे पहिले आसन एका ख्रिस्ती माणसाला दिले. हा बदल एका दिवसात घडला नाही. त्यामागे दोन माणसांचा अनेक वर्षांचा स्नेह आणि एकत्र केलेले काम होते.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. घराण्याचे मूळ भाईंदरजवळच्या उत्तन गावचे. वसई, साष्टी, मुंबई या पट्ट्यातील जे मराठी लोक पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, त्यांच्यापैकी हे कुटुंब. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज गेले, पण या लोकांची श्रद्धा गेली नाही आणि मराठी बोलीही गेली नाही. पुढे इंग्रजी राज्यात गोवा व मंगळूर भागांतून पुष्कळ कॅथॉलिक लोक नोकरीसाठी मुंबईस येऊ लागले. आपण त्यांच्याहून निराळे आणि सरकारचे सर्वांत जुने प्रजाजन आहोत हे ठसविण्यासाठी येथील मूळ ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. कंपनी सरकारच्या नावाची सावली त्या नावावर होती. कारकुनीच्या चार जागा मिळविण्याची निकड त्यामागे होती, आणि पोटाच्या चिंतेतून आलेल्या या राजनिष्ठेची आज टवाळी करणे न्यायाचे नाही. परंतु त्या समाजात वाढलेल्या तरुणापुढे वाट जवळजवळ आखून दिलेली होती. ती वाट स्वराज्याकडे जाणारी नव्हती.

बॅप्टिस्टांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये घेतले. मुंबईहून बोरघाट चढून लोणावळा, कामशेत, वडगाव अशी मावळातून पुण्यास जाणारी आगगाडी तेव्हा सुरू होऊन वीस वर्षे झाली होती. माझगाव आणि पुणे ही दोन टोके त्यांच्या आयुष्यात प्रथम जुळली ती अशी. काही काळ सरकारी नोकरी केल्यानंतर ते केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये बॅरिस्टर झाले.

विलायतेत त्यांच्या मनावर ठसा उमटला तो आयर्लंडच्या चळवळीचा. हिंदुस्थानातील कॅथॉलिक माणसाला त्या देशाचे उदाहरण विशेष बोलके होते. आयरिश जनता बहुसंख्येने कॅथॉलिक. तिच्यावर राज्य करणारा इंग्लंड प्रॉटेस्टंट. तेथील शेतकरी रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकीत होता आणि सोमवारी स्वराज्याच्या सभेला जात होता. देवाची भक्ती आणि इंग्रज सरकारची भक्ती या एकच गोष्टी आहेत, असे आयर्लंड पाहिलेल्या माणसाला कोणी पटवून देऊ शकले नसते. होमरूल हा शब्दही त्याच देशाकडून आला. बेळगावात मराठी माणसांनी तो स्वीकारला तेव्हा त्याचा आयरिश अर्थ नीट जाणणारा अध्यक्ष त्यांना लाभला होता.

मायदेशी परतल्यावर वकिली, कायद्याचे अध्यापन आणि मुंबई महापालिकेचे सभासदत्व असे त्यांचे सार्वजनिक जीवन सुरू झाले. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या कायदेशीर साहाय्यकांत बॅप्टिस्टा होते. दोन वर्षांनी सावरकरांवरील खटल्यातही बचावपक्षाच्या वकिलांत त्यांचे नाव दिसते. सरकारदरबारी वजन राखू इच्छिणाऱ्या बॅरिस्टराने त्या काळी अशी कामे टाळणेच शहाणपणाचे मानले असते. मंडालेचा कारावास भोगून १९१४ मध्ये टिळक परत आले. सहा वर्षांत पांगलेला पक्ष त्यांना पुन्हा उभारावयाचा होता. अडचणीच्या काळी बरोबर राहिलेला हा सहकारी बेळगावात अध्यक्ष झाला, तो या पूर्वकर्मामुळे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. १९०९ च्या कायद्याने मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले होते आणि १९१६ च्या डिसेंबरात लखनौ करारात काँग्रेसनेही ते मान्य केले. माणसाला त्याच्या धर्मावरून मोजण्याची आणि धर्मावरूनच प्रतिनिधित्व देण्याची रीत राजकारणात रुजत होती. बॅप्टिस्टांचे अध्यक्षपद या रीतीत बसत नव्हते. ती ख्रिस्ती समाजासाठी राखलेली जागा नव्हती आणि त्यांनी ती त्या समाजाच्या वतीने स्वीकारलीही नव्हती. त्यांचे चर्च त्यांच्याजवळ राहिले, टिळकांचा देव्हारा टिळकांजवळ राहिला. दोघांना एकत्र आणणारा प्रश्न राज्य कोणाचे असावे हा होता. पुढे एप्रिल १९२० मध्ये टिळकांनी काँग्रेस डेमॉक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला, त्यातही प्रत्येकाचा धर्म त्याच्यापुरता पवित्र मानण्याचे व परधर्मसहिष्णुतेचे तत्त्व स्पष्टपणे नमूद केलेले आढळते. पंचहौदच्या चहापासून या जाहीरनाम्यापर्यंतचे अंतर लहान नव्हते.

लीगच्या वतीने १९१७ मध्ये बॅप्टिस्टा विलायतेस गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांपुढे हिंदी स्वराज्याची बाजू त्यांनी मांडली. मजुरांच्या संघटित शक्तीचे महत्त्व त्यांनी तेथे जवळून पाहिले. मुंबईत ते पोस्टमनांच्या व गिरणी कामगारांच्या प्रश्नांत लक्ष घालू लागले. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते आणि पुढच्याच वर्षी झरिया येथे भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कामगारांना संघटित होण्याचा हक्क आहे, हे तत्त्व पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्येच आपल्या पत्रकात मान्य केले होते. म्हणजे गिरणगावात काम करताना बॅप्टिस्टांना आपल्या श्रद्धेकडे पाठ फिरविण्याचे कारण नव्हते.

त्या गिरणगावाची नाळ मावळाशीही जोडलेली होती. लोणावळ्याच्या जलाशयांवर निर्माण झालेली टाटांची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्यानंतर रेल्वेच्या उत्तरेस आंध्रा नदीच्या खोऱ्यात, आंदर मावळात, ठोकरवाडीचे धरण १९२२ मध्ये पुरे झाले. पाणी घाटाखाली भिवपुरीला उतरले आणि मावळ्यांची भातखाचरे जलाशयाखाली गेली. दक्षिणेकडे मुळशीत याच काळात सेनापती बापटांचा सत्याग्रह चालू होता. परळचा कामगार आणि आंदर मावळचा शेतकरी असे एकाच तारेच्या दोन टोकांना होते. स्वराज्याचा पक्ष या दोघांसाठी काय करणार, हा प्रश्न धर्माच्या खानेसुमारीने सुटणारा नव्हता, आणि कामगारांचे पुढारपण करणाऱ्या बॅप्टिस्टांनी त्यातील एक टोक हाती धरले होते.

पक्षनिष्ठेची खरी कसोटी लागली ती टिळकांच्या निधनानंतर. १९२० च्या आरंभीच बॅप्टिस्टांनी पाँडिचेरीत असलेल्या अरविंद घोष यांना पत्र पाठवून नियोजित पक्षाच्या इंग्रजी दैनिकाचे संपादकत्व स्वीकारण्याची विनंती केली होती. अरविंदांनी ५ जानेवारीच्या उत्तरात ती नाकारली. १ ऑगस्टला टिळक गेले आणि सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनात महात्मा गांधींचा असहकाराचा ठराव संमत झाला. कौन्सिले व न्यायालये यांवरील बहिष्कार बॅप्टिस्टांना पटला नाही. कौन्सिलात शिरून सरकारला जाब विचारावा, हे टिळकांचे धोरणच त्यांना योग्य वाटत होते. देशात उत्साहाची लाट उसळली असताना त्यांनी आपले मत लपविले नाही. ती लाट पाहता त्यांचा मार्ग अपुरा होता असे म्हणता येईल. खेड्यापाड्यांतील माणूस कौन्सिलाच्या वाटेने नव्हे, तर गांधींच्या हाकेने जागा झाला, हे इतिहासाने दाखविले आहे. परंतु त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेता येत नाही. पक्षाला त्यांनी धर्मपीठ मानले नाही. पक्षाचा ठराव म्हणजे श्रुती नव्हे आणि त्याला विरोध म्हणजे पाखंड नव्हे, असे त्यांचे वर्तन सांगते.

यानंतर राष्ट्रीय राजकारणाच्या अग्रभागी ते दिसले नाहीत, पण शहराचा विश्वास त्यांनी गमावला नाही. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, झाले. लोक त्यांना काका म्हणत. हे संबोधन मराठी घरातील आहे, आणि ते मिळविण्यासाठी त्यांना आपले नाव वा उपासना बदलावी लागली नव्हती. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची समाधी आहे आणि माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे.

निवडणुका आल्या की अमुक धर्माची मते अमुक पक्षाची, असे हिशेब आजही मांडले जातात. धर्मगुरूंकडून पाठिंबा मागितला जातो, आणि पक्ष सोडणाऱ्याला धर्मभ्रष्टाची वागणूक मिळते. काका बॅप्टिस्टांच्या आयुष्यात या दोन निष्ठांची जागा निरनिराळी होती. श्रद्धा त्यांना वाडवडिलांकडून मिळाली व त्यांनी ती अखेरपर्यंत जपली. पक्ष त्यांनी विचारांती निवडला आणि विचार न पटला तेव्हा त्याला विरोधही केला. आपल्या समाजाच्या ठरीव राजनिष्ठेतून बाहेर पडण्यासाठी त्यांना समाज सोडावा लागला नाही. त्या काळी अवघड होते ते आज सोपे झाले आहे असे म्हणवत नाही. म्हणूनच बेळगावच्या त्या निवडीचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.