विश्वासाची किल्ली : अर्देशिर गोदरेज

घराबाहेर पडताना आपण दाराला कुलूप लावतो, एकवार ओढून पाहतो आणि निश्चिंत मनाने चालू लागतो. त्या लहानशा वस्तूवर आपण केवढा विश्वास टाकतो, हे सहसा मनातही येत नाही. हा विश्वास हेच ज्यांचे खरे भांडवल होते, त्या अर्देशिर गोदरेज यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

अर्देशिर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. १८९१ मध्ये त्यांच्या तरुण पत्नी बचूबाई अकाली निवर्तल्या. अर्देशिर यांनी पुन्हा विवाह केला नाही. कायद्याचे शिक्षण घेऊन १८९४ मध्ये ते वकिलीसाठी पूर्व आफ्रिकेतील झांझिबार येथे गेले. तेथे एका खटल्यात पक्षकारासाठी सत्याला मुरड घालण्याचा प्रसंग आला. त्यांनी तसे करण्यास नकार दिला. या व्यवसायाशी आपल्या स्वभावाचा मेळ बसणार नाही, हे ओळखून ते मुंबईस परतले आणि एका औषधविक्रेत्याकडे साहाय्यक म्हणून राहिले.

पुढे मेरवानजी कामा या वडिलांच्या स्नेह्याकडून ३,००० रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनविण्यास आरंभ केला. माल उत्तम ठरला. तथापि त्यावर हिंदुस्थानी बनावटीची खूण नसावी, असा ग्राहकाचा आग्रह पडला. आपल्या हातची वस्तू परदेशी म्हणून विकणे अर्देशिर यांना मान्य नव्हते. व्यवहार मोडला, धंदा बुडाला आणि कर्ज मात्र डोक्यावर राहिले. सत्यासाठी त्यांनी मोजलेली ही दुसरी किंमत होय.

त्या काळी मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या. वृत्तपत्रातील ती वार्ता वाचून त्यांच्या मनात कुलपांचा विचार आला. कामांनी पुन्हा साहाय्य केले आणि १८९७ मध्ये लालबाग येथे, गॅस कंपनीच्या शेजारी, एका छोट्या छपरीत काम सुरू झाले.

चांगल्या कुलपात अनेक पातळ पट्ट्या असतात. योग्य किल्ली प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर उचलते, तेव्हाच खिट्टी सरकते. साध्या कुलपात या पट्ट्यांना दाबून धरण्यासाठी स्प्रिंगा असतात. स्प्रिंग गंजून तुटली की कुलूप अडते. हा दोष हेरून अर्देशिर यांनी स्प्रिंगविरहित कुलूप सिद्ध केले व त्याचे पेटंट मिळविले. त्यांच्या आणखी एका कुलपाला दोन किल्ल्या असत. पहिली परक्या हाती गेल्याचा संशय आल्यास दुसरीने आतली रचनाच बदलता येई, आणि पहिली किल्ली निरुपयोगी ठरे.

कुलपांमागोमाग तिजोऱ्या आल्या. धाकटे बंधू पिरोजशा यांची त्यांना मोलाची साथ लाभली. १९१८ मध्ये प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतितेलांपासून साबण काढून त्यांनी आणखी एक नवा मार्ग दाखविला. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. तथापि, स्वदेशी म्हणून निकृष्ट माल लोकांच्या माथी मारावा, हे त्यांना कधीच पटले नाही. स्वदेशी वस्तू परदेशी वस्तूच्या तोडीस तोड असलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हीच त्यांची देशभक्ती होती.

१९३६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत प्रचंड स्फोट होऊन भीषण आग लागली. आग विझल्यावर त्यांच्या कारखान्याच्या तिजोऱ्या उघडल्या, तेव्हा आतील वस्तू सुरक्षित निघाल्या. निर्माता आठ वर्षांपूर्वी निघून गेला होता. त्याने दिलेला शब्द मात्र पोलादाच्या भिंतीआड जसाच्या तसा उभा होता.

वकिली सुटली, पहिला धंदा बुडाला, तेव्हा अर्देशिर हरले असेच जगाला वाटले असेल. परंतु ज्या सचोटीने त्यांचे नुकसान केले, तिच्याच बळावर पुढे लाखो लोकांनी आपल्या घरांची दारे त्यांच्या कुलपांवर सोपविली. विश्वासाचे दार उघडण्यास वेळ लागतो. पण त्याला दुसरी किल्ली नाही.