ई. एम्. फॉर्स्टर ह्यांचें अल्पचरित्र

इंग्रजी क्रियापदांच्या काळांनीं गांजलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस आज आम्ही अशा ग्रंथकाराचें चरित्र सादर करीत आहों, कीं ज्याच्या आयुष्यांतच ह्या काळांचा धडा सांपडतो.

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर ह्यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजीं लंडन येथें झाला. पुढच्याच वर्षीं पितृछत्र हरपलें व ह्या एकुलत्या मुलाचा सांभाळ मातोश्री लिली ह्यांनीं केला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर १९०५ सालीं त्यांनीं जर्मनींतील एका उमराव घराण्याच्या मुलींस इंग्रजी शिकविलें. १९२१ सालीं देवासचे मराठे अधिपति तुकोजीराव पवार ह्यांचे ते खाजगी चिटणीस होते. १९२४ सालच्या 'ए पॅसेज टु इंडिया' ह्या कादंबरीनें त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली.

परंतु एक गोष्ट त्यांनीं आईपासून लपवून ठेविली. त्यांच्या मनाची ओढ पुरुषांकडेच होती. ते समलिंगी होते. त्या काळीं इंग्लंडांत पुरुषांमधील असा संबंध गुन्हा होता. १८९५ सालीं ऑस्कर वाइल्ड ह्यांस दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, तेव्हां फॉर्स्टर सोळा वर्षांचे होते. १९१३-१४ सालीं त्यांनीं दोन तरुणांच्या प्रेमाची 'मॉरिस' ही कादंबरी लिहिली व तिचा शेवट सुखाचा केला. निवडक मित्रांनीं ती वाचली. मातोश्रींना मात्र तिचा पत्ता लागूं दिला नाहीं. १९४५ सालीं त्या निवर्तल्या, तेव्हां चिरंजीव सहासष्ट वर्षांचे होते.

ह्या दोन घटना एका इंग्रजी वाक्यांत सांगतांना मृत्यूस साधा भूतकाळ, व त्यापूर्वींच्या लेखनास 'हॅड' लावून पूर्ण भूतकाळ योजावा. 'मी काल गेलों होतों' ह्या मराठी वाक्यांत मात्र दुसरी घटना नाहीं. म्हणून तेथें इंग्रजींत 'हॅड' नको, साधा भूतकाळच हवा.

१९६७ सालीं इंग्लंडांतील तो कायदा सैल झाला. ७ जून १९७० रोजीं फॉर्स्टर वारले, आणि १९७१ सालीं 'मॉरिस' प्रसिद्ध झाली. ती त्यांनीं कोणा व्यक्तीस नव्हे, तर पुढें येणाऱ्या बऱ्या दिवसांस अर्पण केली होती.

आपल्या देशांतही ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. परंतु घरांतील भय न्यायालयास दूर करितां येत नाहीं. तें काम आईबापांचें आहे. आपल्या अपत्यास मनांतील गोष्ट भविष्यकाळावर टाकावी लागूं नये, एवढीच आमची पालकांस विनंति आहे.